पाकिटावरचं अक्षर

४ जानेवारी

घुम्या,

पाकिटावरचा पत्ता मी लिहिलाय, बाबांनी नाही. ते मागत होते लिहायला. छत्तीस वर्षं टपालखात्यात पत्रं निवडलेला माणूस, त्यांना माझं अक्षर बघवत नाही. 'असं लिहिलंस तर पत्र चंद्रावर जाईल,' म्हणाले. पण त्यांचं अक्षर दिसलं तर तू पाकीट न उघडताच टाकून देशील, म्हणून मी दिलं नाही. तसं त्यांना तोंडावर सांगितलंसुद्धा.

तुला माझ्या अक्षराची अडचण नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून औषधं देण्यात तुझी बारा वर्षं गेली, त्यापुढे मी म्हणजे छापील पुस्तक.

पत्ता कुठून मिळाला ते सांगून टाकते, नाहीतर तू भलत्याच माणसावर खापर फोडशील. पत्रं नव्या जागी यावीत म्हणून तू टपालखात्यात अर्ज दिला होतास. बाबांच्या एका जुन्या सोबत्याने त्यातला पत्ता बाबांच्या कानात सांगितला. नियमात बसत नाही हे. त्या दिवशी बाबा घरी आले तेव्हा चेहरा असा, की मला वाटलं खिसा कापला गेला. आयुष्यात एवढी एकच लबाडी केली त्यांनी आणि तीही नीट पचली नाही.

तू फोनचा नंबर बदललास, तो कुणाला दिला नाहीस, ते बरोबरच केलंस. त्या धमक्या मीही ऐकल्या होत्या. म्हणून हे कागदावर.

काम असं आहे. बाबांच्या हृदयाची एक झडप निकामी झालीय. बारा फेब्रुवारीला ऑपरेशन, छाती न उघडता, मांडीतून नळी घालून नवी बसवायची. डॉक्टर म्हणतात, वय शहात्तर आहे, धोका आहे, पण न करण्यात जास्त धोका आहे. बाबांनी सगळ्या कागदांवर सह्या केल्या. नंतर बसमध्ये मला म्हणाले, 'त्याला कळव. ये म्हणू नकोस. नुसतं कळव.'

मी मात्र ये म्हणते. येणं जमत नसेल तर एक फोन कर. त्या माणसाचा जीव दीड वर्षं टांगणीला लागलाय.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. म्हणजे तू काही म्हणणार नाहीस, नुसता भिंतीकडे बघशील, पण त्याचा अर्थ मला लहानपणापासून कळतो. तुझा तो व्हिडिओ बाबांनी दुपारी दोन वाजता घरच्या ग्रुपवर पाठवला. वर लिहिलं, 'अशा माणसांना चौकात उभं केलं पाहिजे.' स्वतःच्या मुलाबद्दल. मावशीने पुढे पाठवला, मावसभावाने त्याच्या मित्रांना पाठवला. बाबांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, चष्मा टीव्हीवर राहिला होता, तू मास्क लावला होतास, हे सगळं मी तुला तेव्हाही सांगितलं. संध्याकाळी तू हाताला पट्टी बांधून दारात उभा राहिलास तेव्हा त्यांना कळलं, की चौकात आपण कुणाला उभं केलं.

त्यानंतर त्यांनी फोन मेजाच्या खणात टाकला तो आजतागायत बाहेर काढलेला नाही. डोळे आता चांगले आहेत. मोतीबिंदू काढला. बघायला काही उरलं नाही असं म्हणतात.

चूक त्यांचीच होती. पण ते म्हातारे आहेत रे.

तुझी ताई


१३ जानेवारी

घुम्या,

उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी पत्रपेटी दोनदा उघडून बघते आणि बाबा गॅलरीतून बघतात मी काय बघते ते.

आज मी सुट्टीवर आहे. डोकं दुखतं. हल्ली ते नेहमीचंच, त्यामुळे त्याला सुट्टीचं कारण म्हणायचं की नाही कुणास ठाऊक. तुझ्या खोलीत बसून लिहितेय. खोली तशीच आहे, फक्त इस्त्रीचं टेबल मी आत आणलंय. तुझा पांढरा कोट दाराच्या मागे आहे. बाहीवर रक्ताचा डाग होता, मी धुवायला घेतला तर बाबांनी हातातून काढून घेतला आणि स्वतः धुतला. डाग गेला नाही पूर्ण.

तुला माहीत नसेल, म्हणून सांगते. बाबा दर मंगळवारी तुझ्या जुन्या दुकानात औषधं घ्यायला जातात. आपल्या इमारतीखाली औषधांचं दुकान आहे, तरी दोन बस बदलून तिकडे. मला वाटायचं, पाय मोकळे करायला जातात. गेल्या महिन्यात त्यांना चक्कर आली म्हणून मी बरोबर गेले, तेव्हा कळलं.

रांगेत उभे राहिले आणि पुढच्या माणसाला म्हणाले, 'या दुकानातला तो व्हिडिओ तुम्ही पाहिला होतात का? पांढऱ्या कोटातला माणूस, रडणाऱ्या बाईच्या हातातून चिठ्ठी हिसकावतो आणि शटर ओढून घेतो?' तो माणूस म्हणाला, पाहिल्यासारखा वाटतो. बाबा म्हणाले, 'तो माझा मुलगा.' मग एखादा अहवाल वाचावा तसं सावकाश सगळं सांगितलं. बाळ दीड वर्षाचं होतं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मोठ्या माणसाचा डोस होता. मुलाने चिठ्ठी परत दिली असती तर त्यांनी ते औषध दुसरीकडून घेतलं असतं, म्हणून त्याने ती हातातच ठेवली. बाहेर आरडाओरडा चालला होता, फोनवर काही ऐकू येत नव्हतं, म्हणून शटर अर्धं ओढलं आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी चूक कबूल केली. बाळ सुखरूप आहे. 'हे सगळं शटरच्या आत झालं,' बाबा म्हणाले, 'म्हणून ते व्हिडिओत नाही.' आणि शेवटी, 'तो व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांत मी पण होतो.'

तो माणूस खोकल्याचं औषध घेऊन निघून गेला. बाबा मागच्या बाईकडे वळले.

तुझे मालक काउंटरवरून बघत होते. नवी काच लावलीय त्यांनी, जाड. मला बाजूला घेऊन म्हणाले, 'काकांना जरा समजवा, गिऱ्हाईक अवघडतं.' तुझ्यावर दगड पडत होते तेव्हा हा मागच्या दाराने पळाला आणि दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लावली, ती व्यक्ती आता इथे कामाला नाही. अवघडल्याच्या गोष्टी करतो. बोलायचा अधिकार असता तर बोलले असते.

येताना बसमध्ये मी बाबांना म्हटलं, लाखो लोकांनी पाहिला तो, तुम्ही एकेकाला कुठवर सांगणार? तर म्हणाले, 'पत्रं एकेकच वाटावी लागतात.'

आणखी एक. तेव्हा तू मला विचारलं होतंस, 'ताई, तुझ्या ऑफिसातून तो व्हिडिओ काढून टाकता येईल का?' तू कुणाकडे काही मागत नाहीस, लहानपणी भूक लागली तरी सांगायचा नाहीस, म्हणून ते मला आठवतं. मी म्हणाले होते, ते माझ्या विभागात येत नाही, अर्ज करून बघते. ते अगदी पूर्ण खरं नव्हतं.

असो. कपडे वाळत घालायचे राहिलेत.

ताई


२१ जानेवारी

घुम्या,

तू पत्र वाचतोस की नाही ते कळायला मार्ग नाही, त्यामुळे मला वाटेल ते लिहायची मोकळीक आहे असं धरून चालते.

माझं काम काय असतं हे तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. कामावर घेताना सही घेतात, की घरी बोलायचं नाही. आता बोलते. एक मोठा हॉल, खिडक्यांना पडदे, सत्तर मेजं. दारात फोन लॉकरमध्ये ठेवायचा आणि आत जाऊन दिवसभर दुसऱ्यांच्या फोनमधलं बघायचं. लोक जे टाकतात त्याबद्दल कुणी तक्रार केली की ते आमच्यासमोर येतं. खाली दोन बटणं. 'काढा' आणि 'राहू दे'. एकेकाला पंचवीस सेकंद. तेवढ्यात सगळं बघून होत नाही म्हणून पळवत बघायचं. दिवसाला आठशे. कमी झाले तर आमचा मुकादम मागे येऊन उभा राहतो. पदाचं नाव काहीतरी भारदस्त आहे त्याचं, पण आम्ही मुकादमच म्हणतो.

दुसऱ्या महिन्यात माझ्यासमोर एक आलं. काय ते लिहीत नाही. चित्र मी विसरले, आवाज विसरले नाही. आठवडाभर दाराची घंटा वाजली तरी मी दचकायचे, तुला आठवत असेल, तू घंटेत कापूस कोंबून ठेवला होतास. विचारलं नाहीस, नुसता कोंबलास.

तर शेजारच्या मेजावरची बाई, आमच्यातली सगळ्यांत जुनी, तिने मला शिकवलं. चित्र छोटं करायचं, रंग काढून टाकायचे, आवाज बंद करायचा. करडं करडं काहीतरी हलताना दिसतं. जिवाला लागत नाही. 'इथे टिकायचं असेल तर असंच,' म्हणाली. सगळेच तसं करतात. आवाज ऐकायलाच हवा असा नियम आहे, पण आवाज ऐकून आठशे होत नाहीत आणि हे मुकादमाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तो डोळ्यांवर कातडं ओढून घेतो. वर त्याचं कौतुक होतं आणि आम्हाला झोप लागते.

आवाज का ऐकायचा ते पण सांगते. नुसतं कुणी कुणाला वाईट वागवताना दिसलं तर ते राहू द्यायचं. पण टाकणारा माणूस एखाद्याचा पत्ता सांगून 'चला रे, बघून घेऊ त्याला' असं म्हणत असेल, तर लगेच काढायचं. आणि हे म्हणतात. दिसत नाही.

बाबांनी परवा विचारलं, 'तुमच्याकडे हे थांबवायला कुणी बसलेलं नसतं का ग?' मी म्हणाले, हजारोंनी येतात बाबा, कोण बघणार. ते म्हणाले, 'आमच्याकडेही हजारोंनी यायची.' मग स्वतःच म्हणाले, 'पण ती बंद पाकिटात असायची. आम्हाला पत्ता तेवढा वाचायचा असायचा.' माझी समजूतच घालत होते.

ते बाळाच्या आईला भेटून आले, हे राहिलंच सांगायचं. डॉक्टरांकडे चारदा खेपा घालून तिचं घर शोधलं. व्हिडिओ तिच्या भावाने काढला होता. तिला खरं कळल्यावर तिने भावाला तो काढून टाकायला लावला, पण तोवर त्याच्या हातात काही राहिलं नव्हतं, ज्याच्या त्याच्या फोनमध्ये होता. बाळ आता धावतं. बाबांच्या चष्म्याशी खेळलं. ती बाई रडली आणि म्हणाली, तुमच्या मुलाला सांगा. मी सांगतेय.

या पत्राला आणखी एक पान होतं. ते फाडलं.

ताई


३० जानेवारी

घुम्या,

ते पान परत लिहिते.

तुझा व्हिडिओ माझ्यासमोर आला होता. त्याच दिवशी, सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी. बाबांनी पाठवला त्याच्या तीन तास आधी, काच फुटली त्याच्या पाच तास आधी. कुणीतरी भल्या माणसाने तक्रार केली होती. सव्वीस सेकंदांचा होता. मी छोटा, करडा, आवाज बंद करून पाहिला. पाठमोरा माणूस, कोट, मास्क, कागद ओढतो, शटर ओढतो. मी 'राहू दे' दाबलं आणि पुढचं उघडलं.

मी तुला ओळखलं नाही. तुझा कोट मी दर रविवारी इस्त्री करत होते.

आवाज चालू असता तर काय ऐकू आलं असतं ते मला आता पाठ आहे. तुझा आवाज येतो, 'ताई, बाळासाठी आहे हे, जरा थांबा.' त्या परक्या बाईला तू ताई म्हणालास. मग तिचा भाऊ दुकानाचं नाव सांगतो, चौक सांगतो, आणि म्हणतो, 'सगळे या इथे, बघू हा कसा बाहेर पडतो.' नियमाप्रमाणे ते काढायचंच होतं. विचार करायची गरज नव्हती. काढलं असतं तर तुझ्या हातावर सात टाके पडले नसते, बाबांपर्यंत ते आलंच नसतं, तू आज आपल्या घरात असतास आणि माझ्याशी न बोलता जेवत असतास.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी चूक म्हणाले असते. पुढचं ऐक.

त्या संध्याकाळी तू मला विचारलंस तेव्हा मला माहीत नव्हतं. तुझ्यासमोर बसून पहिल्यांदा आवाजासकट पाहिला, आणि ते शटर खाली येताना मी तो थांबवून परत मागे नेला. शटरची ती हालचाल मी आधी पाहिली होती. दुसऱ्या दिवशी नोंदी काढल्या. माझा क्रमांक, माझी वेळ. तेव्हाच मुकादमाकडे जाऊन, माझ्याकडून चुकलं, परत उघडा, म्हटलं असतं, तर तासाभरात निघाला असता. पण कसं चुकलं असं त्याने विचारलं असतं. आवाज बंद होता हे कबूल करावं लागलं असतं आणि नोकरी गेली असती. मी गेले नाही. तुला म्हणाले, अर्ज केलाय, वेळ लागतो. नऊ दिवस तू रोज विचारत होतास. म्हणजे दारात उभा राहून माझ्याकडे बघत होतास. नऊ दिवस मी म्हणत होते, वेळ लागतो.

आणि त्या नऊ दिवसांत घरात आपण सगळ्यांनी मिळून बाबांना धरलं होतं. मावशीने फोनवर झापलं. तू त्यांच्या ताटासमोरून उठून जायचास. ते तुझ्या खोलीच्या दारात येऊन 'माझंच बोट रे, माझंच बोट,' म्हणाले, आणि मी मागे पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते. मला तेव्हा काय वाटलं, लिहू? बरं वाटलं. कुणीतरी सापडलं होतं. तू घर सोडलंस तेव्हाही मी त्यांना म्हणाले, तुम्ही असं करायला नको होतं बाबा.

बाबांनी पाठवला तो नातेवाइकांतल्या चाळीस लोकांना. मी जगाला पाठवला आणि दीड वर्षं बाबांच्या आडोशाला उभी राहिले. तुला गेली तीन पत्रं 'म्हाताऱ्याला माफ कर' म्हणून गळ घालतेय, ती कुठल्या तोंडाने, हे मलाही कळत नाही.

मी थकलेय, हे कारण नाही, तरी लिहिते. थकलेय फार.

रविवारी बाबांना सांगणार आहे. ऑपरेशनच्या आधी सांगू नये असं एक मन म्हणतं. पण ते मन माझ्या फायद्याचंच बोलतं हे आता मला कळायला लागलंय.

ताई


५ फेब्रुवारी

घुम्या,

सांगितलं. बाबा पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. मी उभ्यानेच सांगितलं.

सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीवरच्या कारकुनासारखे प्रश्न.

'किती वाजता?'

'अकरा बारा.'

'मी दोनला पाठवला.'

'हो.'

'म्हणजे तू तिथे अडवला असतास तर माझ्यापर्यंत आलाच नसता.'

'नसता, बाबा.'

टॉवेलाची घडी घातली, ती नीट झाली नाही म्हणून मोडून परत घातली. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर सोपं गेलं असतं. टॉवेल बाजूला ठेवून म्हणाले, 'दीड वर्षं रोज समोर बसून जेवलीस.'



मग म्हणाले, 'आणि पाकिटावर पत्ता लिहू दिला नाहीस मला. माझं अक्षर बघून तो उघडणार नाही म्हणालीस.'

एवढंच. कपडे कपाटात ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्या दुपारी ते सलग तीन तास झोपले. दीड वर्षात दुपारी त्यांचा डोळा लागल्याचं मी पाहिलं नव्हतं. मी दारात बसून श्वास मोजत होते, आणि मला आनंद व्हायला हवा होता की लाज वाटायला, हे ठरत नव्हतं. दोन्ही झालं.

सोमवारी मुकादमाकडे गेले. त्याने दार लावून घेतलं. 'इतक्या जुन्या गोष्टीचं आता काय, ताई,' म्हणाला. मी म्हटलं, लेखी देते. तर म्हणाला, 'लेखी नका देऊ. तोंडी सांगितलंत, मी ऐकलं.' मग त्याने पडद्यावर नोंद काढून दाखवली. माझा तो निर्णय पुढच्या आठवड्यात वरच्या तपासणीला गेला होता. शेरा होता, निर्णय योग्य. म्हणजे तपासणाऱ्याचाही आवाज बंदच होता. कागदोपत्री आम्ही कुणीच चुकलेलो नाही, घुम्या. तुझ्या हातावरचे टाके कुठल्याच नोंदीत नाहीत.

मी तरी लेखी दिलं. हाताने लिहून, दोन प्रती. दुपारी माझं दाराचं कार्ड चालेना. लॉकरमधला फोन एका पिशवीत घालून मला बाहेर आणून दिला. शेजारच्या मेजावरची ती बाई जिन्यापर्यंत आली. म्हणाली, 'काय मिळवलंस?' रागाने नाही, खरंच विचारत होती.

कागदाची दुसरी प्रत सोबत जोडलीय. तुला कुठे दाखवायची असेल तर दाखव. नाव माझं आहे, सही माझी आहे.

बारा तारीख लक्षात असू दे. माझ्यासाठी येऊ नकोस. आता तसं म्हणायचीही सोय राहिली नाही. बाबांसाठी ये. त्यांच्या नावावर जेवढं लिहिलं होतंस त्यातलं बरंचसं माझं आहे. ते तिकडून खोड आणि इकडे लिही.

ताई


१६ फेब्रुवारी

घुम्या,

तू येऊन गेलास.

मला नर्सने सांगितलं. तेरा तारखेला दुपारी मी अंघोळीला घरी गेले होते, तेवढ्या दोन तासांत. 'तुमचे भाऊ आले होते, हातावर व्रण आहे ते. बोलतच नाहीत ना फारसं,' म्हणाली. मी म्हटलं, हो, तोच.

तू कोपऱ्यावर उभा राहून मी बाहेर पडायची वाट बघितलीस की योगायोगाने चुकामूक झाली, ते विचारत नाही. मला अंदाज आहे.

बाबांनी काही सांगितलं नाही. मी विचारलं, काय बोललात? म्हणाले, 'तो काय बोलतोय? बसला होता.' मग थोड्या वेळाने स्वतःच, 'हात धरून बसला होता.' मग आणखी थोड्या वेळाने, 'त्याने तुझ्याबद्दल विचारलं का, असं तू विचारणार असशील तर नाही विचारलं.' बाबांना खोटं बोलता येत नाही, ते तुझ्या पत्त्याच्या वेळीच कळलं होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. काल घरी आणलं. सूप पितात आणि चव नाही म्हणून तक्रार करतात, म्हणजे बरे आहेत. डॉक्टरांनी विचारलं, तुमच्यात कुणी औषधवाला आहे का, कारण एकाच प्रकारच्या दोन गोळ्या चिठ्ठीवर आल्या होत्या त्या तुमच्या माणसाने दाखवून दिल्या. मी म्हटलं, आमचा माणूस आहे तसा.

सामान उचलताना उशाशी गोळ्यांचा डबा सापडला. सात दिवसांचे सात कप्पे, सकाळ-दुपार-रात्र, प्रत्येकावर तुझ्या बारीक अक्षरात चिकटपट्टी. आत घडी केलेली चिठ्ठी. 'रात्रीची गोळी जेवणानंतर. घेतली म्हणतात पण उशीखाली ठेवतात. समोर उभं राहून द्यावी.'

वर नाव नाही, खाली सही नाही. कुणी द्यावी ते लिहिलेलं नाही. घरात गोळ्या देणारी मी एकटीच आहे. त्यातून मी जास्त काही काढत नाही. काल समोर उभी राहून दिली. खरंच उशीखाली ठेवत होते.

नोकरी शोधतेय. काय करीन माहीत नाही. घंटेतला कापूस काढला. आता वाजते, आणि मी दचकते, पण उठून दार उघडते. परवापासून बाबा मंगळवारचं विचारतायत. डॉक्टरांनी महिनाभर बसने जायचं नाही असं सांगितलंय. म्हणून उद्या मी जाणार आहे. रांगेत उभी राहून पुढच्या माणसाला विचारीन, इथला तो व्हिडिओ तुम्ही पाहिला होतात का. पुढचं सगळं बाबांनी मला परत एकदा म्हणून दाखवलं. शेवटचं वाक्य तेवढं मला बदलावं लागेल.

पाकिटावरचा पत्ता बाबांनी लिहिलाय. मीच पेन त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, तुम्ही लिहा बाबा, माझं अक्षर बघून तो उघडणार नाही. त्यांनी चष्मा पुसला, पाकीट मांडीवर नीट धरलं आणि लिहायला लागले.

ताई